फळीला कागद लावला का?

साखरा,
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

अंगदच्या आईला,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते आठवेना. शाळेत वडिलांना आणि हेडमास्तरांना लिहायला शिकवलं होतं, बायकोला कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नाही. तेव्हा सरळच सुरू करतो. मी बरा आहे. शेळ्या बऱ्या आहेत. सोयाबीन गुडघ्याला लागलंय आणि हळदीनं चांगली पानं काढलीत.

तू म्हणशील, दर रविवारी फोन होतो तरी या माणसाला पत्र काहून सुचलं. अगं, तो काय फोन आहे का? तुमच्याकडं तो स्पीकरवर लावून ओट्यावर उभा करतात. मी तुला काही विचारावं तर उत्तर अंगद देतो, मागं कुकर बोंबलतो, आणि राजनंदिनी मधे तोंड घालून म्हणते, 'आजोबा, शेळी दाखवा.' शेळी दाखवली की फोन संपला. नातीवर राग नाही माझा, तीन वर्षांचं लेकरू ते. पण ती झाली तेव्हा तू पुण्याला गेलीस, तेव्हापासून आपण दोघं एकमेकांशी एकटे म्हणून बोललोच नाही. चार माणसांत 'जेवली का' आणि 'पाऊस हाय का' याच्या पुढं माझी गाडी जात नाही. तुमच्याकडं पोस्टमन दुपारी येतो म्हणे. तेव्हा घरात तू आणि पोरगीच असता. ती झोपली की वाच.

आता कालच्या सणाच्या फोनचं बोलतो. अंगद म्हणाला, 'बाबा, यंदा महालक्ष्म्या इकडंच बसवू. आईची लई ओढाताण होते, प्रतिक्षाला सुट्टी भेटत न्हाई. तुमी मुखवटे घेऊन या.' पोरगं वाईट बोललं नाही, सोयीचंच बोललं. पण आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. माझ्या आईनं तुला उंबऱ्यावर बसवून सांगितली होती. महालक्ष्म्या एकदा दुसऱ्या घरी बसल्या की तेच त्यांचं घर, मग त्यांना मागं आणत नाहीत. आणि तू आता वर्षातून एकदाच गावाकडं येतेस, तीही त्यांच्यासाठी. त्या तिकडं गेल्या तर तुला इकडं यायला काय कारण राहिलं?

हे मी फोनवर बोललो नाही. तू नुसतं 'बघू' म्हणालीस. तुझं 'बघू' मला लग्न झाल्यापासून कधी कळलेलं नाही. हो म्हणायचं असलं तरी बघू, नाही म्हणायचं असलं तरी बघू.

मग आज सकाळी रागारागानं स्वयंपाकघर रिकामं केलं. एकट्यानं नाही. उकंडराव मेंढरं भावाच्या हवाली करून आला आणि हिरासिंगला तर रिटायर झाल्यापासून काही कामच नाही. एसटी सोडली तरी तोंडात अजून एसटीच आहे. 'चला, आवरा, टाइम झाला' म्हणत दारातच उभा. वरच्या फळीवरचे डबे उकंडरावानं उतरवले. मी खाली उभा राहून हुकूम सोडत होतो. कुंपणावरून रूपाबाई ओरडली, 'काय भाऊजी, दसऱ्याच्या आधीच दसरा काढून राहिले?' मी म्हणालो, 'व्हय, तुमचाबी काढून देऊ का?' तेव्हा हसत आत गेली.

डबे उतरवल्यावर एक गंमत दिसली. फळ्यांवर गोल उमटलेत. कणकेच्या डब्याचा मोठा गोल, त्याच्या शेजारी डाळीचा, मग मिठाच्या बरणीचा काळपट, आणि एकदम वर तुझ्या माहेरच्या कांस्याच्या ताटाची उभी रेघ. तू रोज त्याच जागी ठेवत आलीस म्हणून उमटले. मी या घरात जन्मलो, पण माझी एका जागी अशी खूण नाही.

पुढचं नंतर लिहितो. उकंडराव चहा मागून राहिला.

तुझा,
संपत


साखरा,
राखीपौर्णिमा

अंगदच्या आईला,

राखी बांधायला ताई आली होती, गेली. तिनं स्वयंपाकघर पाहिलं आणि म्हणाली, 'संपत, हे काय खूळ?' मी सांगितलं नाही. तुला सांगतो.

भिंतींना रंग दिला. रंगावरून मात्र भांडण झालं. हिरासिंग म्हणे पिस्ता, कारण हिंगोलीला त्याच्या व्याह्याच्या घरात पिस्ता आहे. उकंडराव म्हणे पांढराच बरा, मेंढीसारखा. मी चुन्यात नीळ टाकली. नव्या नवरीची तू आलीस तेव्हा आईला भीत भीत म्हणाली होतीस, 'आत्याबाई, चुलीमागं निळं लावायचं का?' आई म्हणाली होती, निळं काय, देऊळ आहे का ते? मी तेव्हा दारात होतो आणि काही बोललो नाही. आता लावलं. चांगलं दिसतं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा तर फारच चांगलं दिसतं.

फळ्यांना मात्र कोणाला ब्रश लावू दिला नाही. गोल पुसले गेले असते. उकंडरावानं फळीच्या कडेला पेन्सिलीनं खुणा केल्या, कुठला गोल कुठं ते. त्यानंतर आम्ही कागद कापायला बसलो. हिरासिंगनं सेनगावहून प्लास्टिकची झालर आणली होती, सोनेरी. मी म्हणालो, ही तुझ्या गाडीला लाव. आपल्या फळीला पेपरचाच कागद लागतो, तू कापायचीस तसा, खाली दातरे आणि मधे टिकल्या. तू पेपर घडी घालून चार ठिकाणी कात्री चालवायचीस आणि उलगडलं की सगळी नक्षी. मला वाटायचं, सोपं आहे. आम्ही तिघांनी तशीच घडी घातली, हिरासिंगनं ज्या बाजूला घडी होती तीच बाजू सपासप कापली, आणि उलगडलं तर हातात नुसत्या पट्ट्या! उकंडराव इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर माझी पाळी. माझे दातरे वाकडे आले. पावसाळी हवेनं हात जरा आखडतो, दुसरं काही नाही. शेवटी रूपाबाईनं येऊन एक कापून दाखवला. तेव्हापासून रोज दुपारी तिघं ओसरीवर बसून कात्र्या चालवतो. गावातले लोक येता जाता बघून हसतात. हसू दे. बऱ्याच दिवसांनी या घरात हसायचा आवाज आहे.

आता कामाचं. तुला फोनवर मोकळं बोलता येत नाही, मलाही येत नाही. म्हणून एक युक्ती काढली आहे. तुला महालक्ष्म्या इथंच बसवायच्या असतील, म्हणजे तुला यायचं असेल, तर रविवारच्या फोनवर मला एवढंच विचार: 'फळीला कागद लावला का?' एवढं विचारलंस की मी समजेन आणि पुढं अंगदशी मी बोलेन. नाही विचारलंस तर मुखवटे घेऊन मी गपगुमान पुण्याला येईन. तुझ्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही.

कागद मी अजून फळीला लावलेला नाही. तुझ्या विचारण्याची वाट बघतोय.

तुझा,
संपत


साखरा,
पोळ्याच्या आधीचा सोमवार

अंगदच्या आईला,

काल रविवार होता. फोनला मी ओसरीवर बसलो होतो. हे दोघं बाजूला बसलेले. त्यांना मी सगळं सांगितलंय, लपवून काय करायचं. तू विचारलंस, 'बैलाला झूल हाय का?' बैल विकून दोन वर्षं झाली, अंगदच्या आई! आता पोळ्याला मातीचे पूजतो. हे तुला माहीत आहे. तरी तू झूल विचारलीस, कागद विचारला नाहीस. मग अंगदनं तिकिटाचं काढलं. ट्रॅव्हल्सवाला कोण ओळखीचा आहे, हिंगोलीहून बसवून देईल म्हणाला. मी म्हणालो, बराबर. फोन ठेवला. हिरासिंग म्हणाला, 'पत्र पोचलंच नसंल, आपलं पोस्ट कसं हाय माहीत न्हाई का.' उकंडराव उठून मेंढरांकडं गेला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, असल्या वेळी तो थांबत नाही.

पत्र पोचलं नसेल असं मलाही वाटलं. पण पहिलं पोचलं होतं, कारण त्याच्या नंतरच्या फोनवर तू उगीच 'माझं ताट जागेवर हाय ना' म्हणाली होतीस आणि प्रतिक्षा म्हणाली होती, 'आई, अचानक काय?' माझ्या कानात ते अजून आहे. ताटाचं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

असो. आज मुखवटे उतरवले. चिंच लावून घासले, राखेनं पुसले, आईच्या जुन्या लुगड्यात बांधले. धाकटीच्या गालावरचा तो खड्डा तसाच आहे, अंगदनं लहानपणी पाडला होता तो. ट्रंकेतून त्यांच्या साड्या काढल्या. गेल्या वर्षीच्या दोन्ही साड्या तू नंतर नेसली नाहीस, घडी मोडलेली नाही. दरवर्षी नेसायचीस. तिकडं नेसायला कोणता सण आहे म्हणून ठेवल्यास का इकडं आल्यावर नेसायच्या म्हणून ठेवल्यास, हे मला ट्रंकेजवळ बसून कळेना.

मी आता लिहितोच. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी बोललो नाही. मला तुझी आठवण येते. जेवताना येते, कारण भाकरी मी एकीच्या जागी दोन थापतो आणि दुसरी शेळीला जाते. तू तिथं आहेस ते लेकरासाठी, मला कळतं. प्रतिक्षा नोकरी करते, तिला तुझा आधार आहे, पोरगी गुणाची आहे. मीही तिकडं येऊन राहिलो होतो ना महिनाभर. गॅलरीत उभं राहून गाड्या मोजल्या आणि परत आलो. मला तिथं करमत नाही आणि तुला इथं येता येत नाही. यात चूक कोणाची आहे ते मला सापडत नाही, म्हणून राग कोणावर काढावा ते पण कळत नाही.

मुखवटे दारामागं पिशवीत आहेत. फळ्या उघड्या आहेत.

संपत


साखरा,
पोळ्याची कर

कौशल्या,

आज नावानं लिहितो. अंगणात मातीचे बैल अजून मांडलेले आहेत आणि मी कालपासून वेड्यासारखा हसतोय.

काल सणाचा फोन आला. रविवार नव्हता म्हणून मी वाटही बघत नव्हतो. हातात नैवेद्याचं ताट, फोन उकंडरावानं धरला. राजनंदिनीला मातीचे बैल दाखवले. अंगद म्हणाला, 'तिकीट फिक्स करतो मग बाबा.' आणि तेवढ्यात मागून तू ओरडलीस. बोलली नाहीस, ओरडलीसच. 'अहो, फळीला कागद लावला का?'

मी ताट खाली ठेवायला वाकलो. हिरासिंगला दम कुठला! तोच फोनमध्ये घुसून ओरडला, 'लावला वैनी, लावला! पंधरा दिवसांपासून नुस्ता कापूनच राहिलो आमी!' आणि उकंडरावाच्या हातातून फोन खाली पडला, शेळीपुढं. उचलला तेव्हा अंगद विचारत होता, 'कसला कागद? आई रडून काहून राहिली?' आणि तू त्याला म्हणालीस, 'महालक्ष्म्या साखऱ्यालाच बसतील. मी जाते. दिवस थोडे असले तरी चालंल.' मी अंगदशी बोलणार होतो, पण तूच बोललीस. प्रतिक्षा लगेच म्हणाली, 'जा आई, मी सुट्टी टाकते.' तिला माझा आशीर्वाद सांग. आपण तिला उगीच भीत होतो.

तू नंतर हळूच म्हणालीस ना, 'पत्र बुधवारी भेटलं, ते बी खालच्या घरी पडलेलं'? म्हणजे हिरासिंग बरोबर होता. हे त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

फोन झाल्या झाल्या कागद लावला. वरच्या फळीला उकंडराव, मधल्या फळीला हिरासिंग, खालच्या फळीला मी. मग एकेक डबा आपापल्या गोलावर. तुझं कांस्याचं ताट एकदम वर, तुझ्या आईच्या नावाची अक्षरं बाहेरच्या बाजूला. सगळं झाल्यावर तिघं जमिनीवर बसून नुसते बघत राहिलो. उकंडराव म्हणाला, 'वैनी आल्यासारखं वाटून राहिलं.' मी म्हणालो, 'वाटून काय राहिलं, येऊन राहिली.'

ये.

संपत


साखरा,
महालक्ष्म्या गेल्यानंतरचा गुरुवार

कौशल्या,

तू पोचल्याचा फोन आला. गाडीत पाय आखडले असतील, शेकून घे.

मला वाटलं होतं, तू आलीस की बोलू. तीन वर्षांचं साठलेलं होतं. पण महालक्ष्म्यांत घर कुठं आपलं राहतं? आवाहनाच्या दिवशी तू मुखवटे घेऊन उंबऱ्यावर उभी होतीस आणि रूपाबाई आतून विचारत होती, 'कशाच्या पावलानं आल्या?' आणि तू म्हणालीस, 'सोन्याच्या.' मग त्यांना धान्याच्या कोठीपाशी नेलंस, दुधापाशी नेलंस, आणि स्वयंपाकघरात आणलंस. तिथं तू थांबलीस. निळी भिंत पाहिलीस, कागद पाहिला, हिरासिंगनं कापलेले वाकडे दातरे बरोबर ओळखलेस आणि हसलीस. तेवढंच. मला तेवढ्यासाठी पंधरा दिवस कात्री चालवलेली परत चालवायला सांग, मी चालवीन.

नंतर पुरण, सोळा भाज्या, हळदीकुंकवाला बाया, सवाष्णी. दोन दिवस तुझ्यामाझ्यात 'मीठ बघा' आणि 'पाट आणा' याच्याशिवाय बोलणं नाही. आरतीला मी तबक डाव्या हातानं धरलं. तू बघितलंस. मला वाटलं, धुरात कळलं नसेल.

काल तुला हिंगोलीहून गाडीत बसवून आलो. घरी येऊन चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तू जवळपास नाहीस तोवर माझी रोजची रीत काय होती, आता सांगतोच. उजवा खांदा धरलाय. उन्हाळ्यापासून हात खांद्याच्या वर जात नाही. वरचं काढायचं म्हटलं की उकंडरावाला हाक मारायची. डॉक्टर म्हणाला व्यायाम कर, कंटाळा केला. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू तिकडंही नीट राहिली नसतीस.

सवयीनं डावा हात मधल्या फळीवर घातला आणि डबा नाही. मग पाहिलं. चहाचा डबा खाली, माझ्या कमरेपाशी. साखर तिथंच. कणिक, डाळ, मीठ, तिखट, काडीपेटी, सगळं खालच्या फळीवर, हाताशी. एक ताट, एक वाटी, एक पेला पुढं. तवा खिळ्यावर होता तो खाली टेकवलेला. तू कधी केलंस हे? सगळे झोपलेले असताना पहाटे उठून केलंस का?

खरं सांगतो, आधी मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी महिनाभर खपून तुझी जागा जशीच्या तशी मांडली होती, तू यावंस म्हणून. आणि तू येऊन ती माझ्या एकट्याच्या हाताला येईल अशी मांडून गेलीस. मला वाटलं, झालं, ही सांगून गेली की आता असंच राहायचं. चहा तसाच ठेवून मी ओसरीवर येऊन बसलो. उकंडराव आला, त्याला आत नेऊन दाखवलं. तो पाहून म्हणाला, 'वैनीनं तुझी सोय केली, आन तू तोंड पाडून काहून बसला?' मी म्हणालो, 'एकट्याची सोय केली रे.'

तेव्हा त्यानं मान वर केली. म्हणाला, 'अन् ते?'

वरची फळी सगळी रिकामी होती, नुसता कागद. आणि मधोमध तुझं ताट. त्याच रेघेवर, तुझ्या आईचं नाव बाहेर. मला वाटलं, तेवढं घाईत राहून गेलं. म्हणून कुंपणावरून रूपाबाईला विचारलं, ती भांडी पुसायला होती ना तुझ्याबरोबर. ती म्हणाली, 'इसरल्या न्हाईत भाऊजी. म्या म्हनलं हेबी खाली घ्या, भाऊजींचा हात पुरत न्हाई. तर म्हनल्या, राहू द्या तिथंच. ते माझंच मला काढायचं हाय.'

कौशल्या, मी परत आत जाऊन चहा केला. तू ठेवलेल्या डब्यातला, तू ठेवलेल्या पेल्यात. खांद्याला तेल लावणार आहे, व्यायामही करणार आहे, हिरासिंगनं टाइम लावून दिलाय. पण ताटाला मी हात लावणार नाही आणि कोणाला लावू देणार नाही. धूळ बसली तर बसू दे.

आता फोनवर सगळे असतील, कुकर बोंबलत असेल, पोरगी शेळी मागत असेल. त्यातच तू मला विचारत जा, 'ताट पुसलं का?' मी म्हणत जाईन, 'नाही.' कोणाला काही कळणार नाही. तू तेवढ्यावरून समजून घेत जा.

तुझा,
संपत